ठाम नकाराची शिकवणी

एका जंगलात, मुलांनो, एक ओढा होता. ओढ्यावर वाकलेली एक बाभूळ होती आणि त्या बाभळीवर शिरपत नावाचा सुगरण पक्षी राहायचा. चुळबुळ करू नका, गोष्ट गंभीर आहे. शिरपतचं लग्न काही केल्या जमत नव्हतं.

सुगरण पक्ष्यांची रीत अशी, की नवऱ्या मुलाने अर्धं घरटं विणायचं. मग मुलगी येऊन ते पाहणार. पसंत पडलं तर लग्न. नाही पडलं तर पुन्हा पहिल्या काडीपासून सुरुवात!

शिरपत विणायचा झकास. पण बाभळीखाली टिटवीमावशी राहायची. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या खड्यांत अंडी घालते. झाडावर तर तिला बसताही येत नाही. त्यामुळे घरबांधणीचे सगळे हुकूम ती खालूनच सोडायची.

"शिरपत, दार खाली कशाला? वर कर!"

"मावशी, पाणी आत येईल."

"मी तुझ्या भल्याचंच सांगते ना?"

शिरपतने दार वर केलं. मुलगी आली, आत बसली, भिजली आणि शिंकत निघून गेली.

"झुलतंय किती ते! दगड भर त्यात," मावशी म्हणाली. शिरपतने भरले. दुसरी मुलगी बसली मात्र, घरटं तिच्यासकट ओढ्यात!

पुढे पुढे शिरपतने कुठला दाणा टिपावा आणि कुणाशी बोलावं, हेही मावशीच ठरवू लागली. लग्नाचा हंगाम सरत आला. बिचारा रडकुंडीला आला आणि खारमॅडमच्या शिबिरात गेला. मॅडम झाडाच्या ढोलीत 'दडपशाही ओळखा, ठाम राहा' हा विषय शिकवायच्या.

"'तुझ्या भल्याचंच सांगते' असं कुणी सारखं म्हणतं?" मॅडमनी विचारलं.

"म्हणतं."

"ऐकलं नाही की रुसतं?"

"रुसतं. तेही मोठ्याने."

"मग औषध एकच. 'नाही' म्हणायचं!"

सकाळी मावशी ओरडली, "शिरपत, घरटं उलटं टांग!"

शिरपतने डोळे गच्च मिटले. "न... नाही."

मावशी क्षणभर एका पायावर उभी राहिली.

"नाही म्हणालास? अरे वा! पण हे असं म्हणतात का? मान वर. छाती पुढे. आवाज बेंबीपासून काढ. म्हण पुन्हा!"

"नाही."

"मिळमिळीत! पुन्हा!"

मावशी या शिकवणीत इतकी रंगली, की घरट्याकडे बघायचंच विसरली. शिरपत एक काडी ओवायचा, एकदा "नाही" म्हणायचा. घरटं मनासारखं होत गेलं. असं देखणं घरटं त्या ओढ्यावर कुणी पाहिलं नव्हतं!

मग सगुणा नावाची मुलगी घरटं पाहायला आली. आत शिरली, मनसोक्त झुलली आणि हसत बाहेर आली. शिरपतला आनंदाने पंख कुठे ठेवू असं झालं.

"मला फार आवडलं," सगुणा म्हणाली. "येऊ का मी राहायला?"

खालून मावशी हळूच खाकरली.

शिरपतची मान वर गेली. छाती पुढे आली.

"नाही!"

ओढ्याच्या पलीकडपर्यंत ऐकू गेलं. सगुणा भुर्रकन उडाली आणि पलीकडच्या बाभळीवरचं घरटं पाहायला गेली.

"शाब्बास!" मावशीला आनंद आवरेना. "आता कुठे जमलं तुला! मी तुझ्या भल्याचंच सांगत होते की नाही?"

शिरपतने मान खाली घातली.

"हो, मावशी."

तात्पर्य : कुणी तुमच्यावर हुकूमत गाजवत असेल, तर बेधडक 'नाही' म्हणायला शिका. कुणाला म्हणायचं, ते मात्र आधी मावशीला विचारून घ्या.