दोन-तीनच राहिलेत

कुठे थांबायचं हे मला बरोबर कळतं, असं मी ज्याला-त्याला सांगत सुटलो होतो. तेवढा अधिकार मी कमावला होता. माझ्यातून मी अख्खा एक माणूस वजा केला होता. पूर्वी मी लिफ्टमध्ये शिरलो की आतले लोक जिना आठवल्यासारखं करून बाहेर पडायचे. आता जुना शर्ट घातला तर त्यात मला शोधावं लागायचं.

जिमचा ट्रेनर मात्र हात धुऊन मागे लागला होता. "साहेब, कमी करणं पुरे झालं. आता पोटभर खा आणि वजनं उचला. अंगात स्नायू म्हणून उरलेला नाही." आमचे डॉक्टरही तेच म्हणायचे.

"शेवटचे दोन-तीन किलो," मी म्हणायचो. "मग लागतोच शरीर कमवायला."

ते दोन-तीन किलो काही संपेनात. संपले की पुढचे दोन-तीन दिसायचे. खरं म्हणजे मला जेवणाची धास्ती बसली होती. एक घास जास्त गेला तर तो जुना जाडा माणूस दाराबाहेर उभाच आहे, चपला काढून सरळ आत येईल आणि सोफ्यावर बसेल, असं वाटायचं. बायको वाढायला आली की मी ताटावर दोन्ही हात धरायचो. शेवटी तिने बोलणंच सोडून दिलं.

मी औषधांच्या एका घाऊक गोदामाचा प्रमुख होतो. तिथे लसी ठेवायला शीतखोली आहे. तिचं दार चांगलं वीतभर जाड, आतून उघडायचं तर अंग लावून ढकलावं लागतं. पूर्वी मी नुसता टेकलो तरी ते मुकाट्याने बाजूला व्हायचं. त्या सकाळी मी खोकी तपासायला आत गेलो आणि दार मागे बंद झालं. निघताना खांदा लावला, हललं नाही. पाठ लावली, हललं नाही. शेवटी धावत जाऊन धडक दिली, तर दाराने मला खोक्यांवर परत पाठवलं.

थंडीबद्दल काय सांगू? चरबी म्हणजे देवाने दिलेली रजई असते, आणि ती मी हौसेने फेकून दिली होती. दात कडकडा वाजू लागले. मी दारावर मुठी आपटल्या, पण त्या अशा काही आपटल्या की बाहेर पॅकिंगच्या ताईंना वाटलं, आत उंदीर शिरलाय. त्या झाडू घेऊनच आल्या. एका हाताने दार ओढलं आणि मी त्यांच्या अंगावर कोसळलो. ताईंनी मला उचलून खुर्चीत नेऊन ठेवलं. उचलून. एकट्यांनी.

तासाभराने मोठ्या साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावून घेतलं आणि कधी नव्हे ते स्वतःच्या हाताने पाणी दिलं.

"किती राहिलंय?" त्यांनी हळूच विचारलं.

चला, कुणीतरी माझ्या मेहनतीची दखल घेतली, असं मला वाटलं. "फार नाही. दोन-तीनच राहिलेत."

"दोन-तीन." साहेबांनी चष्मा काढला. "डॉक्टर काय म्हणतात?"

"ते म्हणतात, आता पुरे. पण मी ठरवलंय, शेवटपर्यंत जायचं."

"घरी माहीत आहे?"

"बायकोला आहे ना. ती आता काही बोलतच नाही."

"आणि... त्यानंतर?"

"त्यानंतर नवं शरीर," मी उत्साहाने म्हणालो. "या शरीरात तसंही काही उरलेलं नाही."

साहेब उठले आणि खिडकीकडे तोंड करून उभे राहिले. "तुमची श्रद्धा फार मोठी आहे," ते म्हणाले.

दुपारपर्यंत गोदामभर झालं. माझ्या हाताखालच्या सहकाऱ्याला आम्ही सगळे 'तुफान' म्हणायचो. माझ्याकडच्या गोदामाच्या किल्ल्या त्याच्याकडे गेल्या. अनेक वर्षं माझ्याशी न बोललेल्या हिशेबनिसाने येऊन मला मिठी मारली, तीही काचेच्या बरणीला मारावी तशी जपून.

"अहो, मी आजारी नाही," मी ताईंना म्हणालो.

"नाहीच आहात," ताई म्हणाल्या आणि त्यांनी पदर डोळ्यांना लावला.

मी जितकं नाही म्हणावं तितकं लोक जास्त रडत होते. वजन कमी केलंय म्हणालो, तर माझं धैर्य बघून आणखी दोघांना हुंदका फुटला.

घरी पोचलो तर बायको दारातच उभी होती. डोळे लाल. साहेबांनी तिला फोन केला होता: वहिनी, त्यांना आता हवं ते खाऊ घाला, पथ्य कसलं करायचं.

"माझ्यापासून लपवलंस?" ती म्हणाली. "दोन-तीन महिने, आणि मला साहेबांकडून कळतं?"

"महिने नाही गं. किलो. किलो राहिलेत."

ती मटकन खाली बसली. आधी हसली, मग रडली, मग पदराने नाक पुसून अगदी शांतपणे म्हणाली, "एक सांगू? फोन आला तेव्हा मला क्षणभरही शंका आली नाही. माणूस दुसरा असता तर म्हटलं असतं, काहीतरी चूक झाली असेल. पण तुझ्याकडे बघून मला ते लगेच पटलं."

ट्रेनर आणि डॉक्टर दोघे मिळून जे करू शकले नव्हते, ते त्या बोलण्याने झालं. मी थांबलो. त्याच दिवशी तिने वाढलेलं सगळं खाल्लं, आणि जेवल्यावर बाथरूममध्ये वजनकाट्यासमोर उभा राहून घामाघूम झालो. काट्यावर चढायची हिंमत झाली नाही.

दुसऱ्या दिवसापासून वजनं उचलायला लागलो. म्हणजे वजनं नाहीत, नुसता दांडा. ट्रेनर म्हणाला, दांडाही पुष्कळ आहे.

बायकोनेही साहेबांना किलोचं सांगून बघितलं, पण गोदामाच्या किल्ल्या काही परत मिळाल्या नाहीत. "तुम्हाला ताण नको," साहेब म्हणाले. मला बिलांवर शिक्के मारायला बसवलं. मीही म्हटलं, असू दे. माणूस धडधाकट दिसायला लागला की आपोआप पटेल सगळ्यांना.

आणि खरंच, काही महिन्यांनी गाल जरा वर आले, बाह्या थोड्या भरल्या. एके दिवशी मी मुद्दाम अर्ध्या बाह्यांचा शर्ट घालून गेलो. जेवणाच्या सुट्टीत कपाटामागे होतो तेव्हा ताईंचा आवाज आला, "चेहरा भरलाय हो त्यांचा."

"सूज आहे ती," साहेब म्हणाले. "शेवटी शेवटी येते."

घरी येऊन मी शर्ट काढला, दंड फुगवला आणि बायकोपुढे धरला. "दाबून बघ. सुजेला खड्डा पडतो, स्नायूला पडत नाही."

तिने अंगठा रोवला. बराच वेळ दाबून धरला.

"काय लागतंय?"

"हाड," ती म्हणाली, आणि तिने माझ्या ताटात आणखी एक उकडलेलं अंडं ठेवलं.

मी ते खाल्लं. पिवळं तेवढं बाजूला काढलं होतं. तिने नुसतं माझ्याकडे बघितलं. मग मी तेही खाल्लं.