क्लॅरी हॅलोरनची पोटरी आणि कलम चौदा (क)

शिक्षा न्याय्य असावी याबद्दल जगात कुठेही मतभेद नाहीत. मतभेद असतात ते एवढ्याचपुरते की ती कोणाला व्हावी. या बाबतीत रग्बी लीगचे प्रेक्षक विशेष सुदैवी म्हणावे लागतील, कारण सोळा क्लबांपैकी पंधरा क्लब दुसऱ्यांचे असतात.

ग्लेन हॅलोरन हा लीगच्या वेतनमर्यादा तपास विभागात ज्येष्ठ तपासनीस होता. (कनिष्ठ तपासनीस नव्हता. पद मंजूर होतं, माणूस नव्हता.) कुठल्याही क्लबाने आपल्या खेळाडूंवर मिळून ठरलेल्या आकड्यापलीकडे खर्च करायचा नाही, असा नियम. पैशाच्या जोरावर एकाच क्लबाने सगळे चांगले खेळाडू पळवू नयेत, हा हेतू. हेतू इतका उदात्त होता की क्लब तो मोडतानासुद्धा आवाज खाली ठेवत.

दोन वर्षांपूर्वी पोर्ट हॅसलमच्या क्लबाने एका खेळाडूच्या आईच्या घरावर फुकटात नवीन छप्पर घातलं होतं. ते ग्लेननेच पकडलं. विजेतेपद काढून घ्या, अशी शिफारस त्यानेच केली. वर कलम चौदा (क) लिहिलं: रद्द झालेल्या विजेतेपदाचा उल्लेख "फलक, भिंती, कप, चहाचे मग आणि इतर सर्व पृष्ठभाग यांवरून हटवावा किंवा दुरुस्त करावा." 'इतर सर्व पृष्ठभाग' हे शब्द त्याने हॅसलमच्या पाण्याच्या टाकीकडे बघत घातले होते. त्या टाकीवर वीस फुटी कप रंगवलेला होता आणि तो ग्लेनच्या गावातून, म्हणजे कुराबेलमधून, खाडीपलीकडे स्वच्छ दिसायचा.

टाकीवर पांढरा रंग बसला त्या दिवशी ग्लेनचे वडील क्लॅरी यांनी क्लबात सगळ्यांना बिअर पाजली.

"पृष्ठभाग!" ते ओरडले. "माझ्या पोराचा शब्द आहे हा! शाळेत नापास व्हायचा, पण शब्द बघा लेकाचा!"

नंतरच्याच मोसमात कुराबेलचा क्लब, पेलिकन्स, त्रेचाळीस वर्षांनी विजेता झाला. क्लॅरींनी चौऱ्याहत्तराव्या वर्षी डाव्या पोटरीवर गोंदवून घेतलं. चोचीत कप धरलेला पेलिकन, खाली 'विजेते' आणि साल. (पक्षी बदकासारखा दिसतो, हे गावात सर्वांना मान्य आहे आणि कोणी बोलत नाही.) त्या दिवसापासून त्यांनी लांब पँट घातलेली नाही. सख्ख्या बहिणीच्या अंत्यविधीलाही नाही.

आणि मग ग्लेनच्या टेबलावर सोडतीची वही आली.

कुराबेलच्या क्लबात दर शुक्रवारी संध्याकाळी मांसाच्या ट्रेची सोडत निघते. ट्रेमध्ये चॉप्स, सॉसेज, स्टेक, असे चार किलो. शेरिल नावाच्या बाई बावीस वर्षं माइकवरून नंबर पुकारतात. विजेत्या मोसमात सलग एकतीस शुक्रवार एकाच माणसाचा नंबर लागला होता: सेमिसी टाउफा, आघाडीचा धिप्पाड खेळाडू, वजन एकशे बावीस किलो. त्यातल्या अकरा शुक्रवारी तो गावातच नव्हता, परगावी सामना खेळत होता.

"नशीब असतं एकेकाचं," शेरिल म्हणाल्या.

"एकतीस वेळा, शेरिलमावशी?"

"मग? तुझ्या आईला सलग तीन मुलगे झाले तेव्हा तू चौकशी लावली होतीस का?"

ग्लेनने हिशेब मांडला. एकतीस गुणिले चार, म्हणजे एकशे चोवीस किलो. हे मांस वेतनच धरायचं, तर टाउफा हा खेळाडू संपूर्णपणे बेकायदा ठरत होता आणि वर दोन किलो उरत होते. अंतिम सामना अठरा-सोळा असा सुटला होता आणि निर्णायक चार गुण टाउफाचे होते. बेकायदा माणसाचे गुण वजा केले की पेलिकन्सचे उरतात चौदा.

क्लबाने बचाव मांडला: टाउफाला गाउट आहे, डॉक्टरांनी लाल मांस बंद केलंय, त्याने आयुष्यात एक चॉपही खाल्लेला नाही. हे खरं निघालं. तो सगळे ट्रे गल्लीत वाटून टाकायचा. याचा अर्थ, बेकायदा वेतन खेळाडूच्या अंगी लागलंच नव्हतं. ते गावाच्या अंगी लागलं होतं. तपासात एकसष्ट घरं निघाली. अनुक्रमांक एकोणिसावर क्लॅरी हॅलोरन, शेजारी. आणि नाताळच्या दुपारी क्लॅरींच्या अंगणातल्या शेगडीवर जे भाजलं गेलं, त्याचा लाभार्थी म्हणून ग्लेनला स्वतःचं नाव लिहावं लागलं. 'हितसंबंध असल्यास नमूद करा' या रकान्यात त्याने 'सहा सॉसेज' असं लिहिलं. (नंतर प्रामाणिकपणे खोडून 'सात' केलं.)

लीगने लोकमतही मागवलं. 'कुराबेलचं विजेतेपद काढून घ्यावं का?' या प्रश्नाला चौऱ्याण्णव टक्के प्रेक्षक हो म्हणाले. उरलेले सहा टक्के कुराबेलचे. 'हाच गुन्हा तुमच्या क्लबाने केला असता तर?' या प्रश्नाला सत्त्याण्णव टक्क्यांनी 'हा कट आहे' असं उत्तर दिलं. तीन टक्क्यांना आपला क्लब कोणता ते आठवत नव्हतं. न्यायबुद्धी शाबूत असलेला वर्ग तो एवढाच.

सुचवलेल्या शिक्षांमध्ये पुढील मोसमाचे गुण कापणे, एक खेळाडू कमी घेऊन खेळणे आणि मांस परत करणे यांचा समावेश होता. शेवटची शिक्षा वैद्यकीय कारणास्तव फेटाळली गेली. विजेतेपद काढून उपविजेत्याला द्यावं, तर उपविजेत्यांनी ते घाईघाईने नाकारलं, कारण विजेत्यांच्या वह्या तपासल्या जातात.

शनिवारी ग्लेन घरी गेला. क्लॅरी ओसरीवर, डावा पाय स्टुलावर, पोटरी रस्त्याकडे.

"बाबा, अहवाल सोमवारी द्यायचाय."

"दे की. दंड लाव, कान धर, सोड."

"हॅसलमला तसं सोडलं नव्हतं."

"हॅसलम चोर आहेत!"

"छप्पर घातलं त्यांनी. आपण एकशे चोवीस किलो..."

"अरे, छप्पर वर्षानुवर्षं टिकतं! सॉसेज किती टिकतं? तू सात खाल्लीस, एक तरी उरलंय का?" क्लॅरींनी स्टुलावरचा पाय नीट केला. मग हळू आवाजात म्हणाले, "त्रेचाळीस वर्षं थांबलोय रे, ग्लेन. तुझी आई थांबता थांबता गेली. पुढचं येईल तेव्हा मी एकशे सतरा वर्षांचा असेन."

"चौदा (क) आहे, बाबा."

"मग?"

"पृष्ठभाग."

क्लॅरींनी पोटरीकडे पाहिलं, मग मुलाकडे. बहुधा तो शाळेत नापास व्हायचा त्या काळाची त्यांना पहिल्यांदाच गोड आठवण येत असावी.

सोमवारी ग्लेनने शिफारस केली: विजेतेपद रद्द. लीगने ती एकमताने स्वीकारली. मंडळाने त्याच्या निःपक्षपातीपणाबद्दल त्याला भिंतीवरचं घड्याळ दिलं. कुराबेलमध्ये मात्र पेट्रोल पंपावरचा पोरगासुद्धा त्याच्या गाडीची काच पुसेना आणि क्लॅरींनी फोन उचलणं बंद केलं.

हॅसलमहून अंमलबजावणी बघायला बस आली. एकोणचाळीस माणसं, दोन दुर्बिणी. क्लॅरी गोंदणाऱ्याकडे गेले. पुसायचं म्हणजे लेझर, तीसुद्धा सहा वेळा. पण कलमात 'हटवावा किंवा दुरुस्त करावा' असं होतं, त्यामुळे दुरुस्ती ठरली. 'विजेते' या शब्दापुढे तळटीपेला असते तशी एक छोटी चांदणी गोंदली, आणि खाली घोट्यापाशी तशीच दुसरी चांदणी काढून बारीक अक्षरात: 'चौकशीअंती रद्द'. हॅसलमवाल्यांनी वाकून वाचलं, फोटो काढले, समाधानाने चिप्स खाल्ले आणि गेले.

तीन आठवडे क्लॅरी ओसरीवर बसले नाहीत. चौथ्या आठवड्यात पोस्टाने एक पाकीट आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, पण पत्ता सरकारी वळणाच्या अक्षरात होता. आत मोजे. जाड, पेलिकन्सच्या रंगाचे, आखूड, बरोबर घोट्यापर्यंत येणारे. सोबत एक चिठ्ठी: 'कलम चौदामध्ये मोज्यांबाबत तरतूद नाही. मी तपासलंय.'

क्लॅरींनी मोजे चढवले. टीप झाकली गेली. वर पेलिकन, कप, 'विजेते', साल, आणि एक चांदणी, जी आता कुणालाही वाढीव शोभेची वाटावी. त्यांनी स्टूल बाहेर नेलं, पाय रस्त्याकडे केला आणि फोन उचलला.

"कोण बोलतंय?"

"ग्लेन."

"कुठला ग्लेन? मोज्यांचा की पृष्ठभागांचा?"

"दोन्ही, बाबा."

"नाताळला ये. या वर्षी मांस विकतच आणावं लागेल, साल्या. शेरिल खरोखरचे नंबर काढायला लागलीय."

मोज्यांबद्दल हॅसलमने रीतसर तक्रार केली असून तिची निःपक्षपाती सुनावणी व्हायची आहे. त्यासाठी पंच हवे आहेत. अट एकच: ज्याला कुराबेलशी काही देणंघेणं नाही, ज्याने तिथलं सॉसेज खाल्लेलं नाही आणि ज्याने ते गाव कधी पाहिलेलंही नाही, असा माणूस. म्हणजे तुम्ही. फक्त पाकिटातून मोजे निघाले त्या ओळीला तुम्हाला बरं वाटलं असेल, तर ते 'हितसंबंध असल्यास नमूद करा' या रकान्यात लिहा आणि अर्ज परत करा. आजवर पाठवलेले सगळे अर्ज परत आले आहेत. एका अर्जात तो रकाना कोरा होता. तो अर्जदार हॅसलमचा निघाला.