दौलतभाऊ आणि रॅमची आवक

दौलतभाऊ छत्री दिवाळीत विकत घेतात. स्वेटर मे महिन्यात, आणि कूलर भर डिसेंबरात, दुकानदार स्वतः कानाला मफलर गुंडाळून शेकोटीपाशी बसलेला असताना. लुगडी-साड्या पितृपक्षात, कारण तेव्हा दुकानात चिटपाखरू नसतं आणि दुकानदार आपण होऊन चहा मागवतो. "ज्या दिवशी कोनालेच नाई पाह्यजे, त्या दिवशी आपल्याले पाह्यजे," हे त्यांचं तत्त्वज्ञान.

मी याच्या नेमका उलटा. माझ्या आयुष्यातला प्रत्येक कूलर मी ऐन मे महिन्यात, घामानं निथळत, दुकानातला शेवटचा आणि एका बाजूनं चेपलेला असा घेतलेला आहे. छत्री मी भिजल्यावर घेतो. त्यामुळे आमच्या घरात दौलतभाऊंचं नाव फार आदरानं, आणि माझ्याकडे बघत घेतलं जातं. ते माझे थोरले साडू, म्हणजे बायकोच्या मोठ्या बहिणीचे यजमान. या बहिणीला आम्ही सगळे नुसतं 'बाई' म्हणतो. दोन्ही घरं नागभीडलाच. मध्ये चार घरं आणि एक पिठाची चक्की.

दौलतभाऊंनी उभा जन्म राईस मिलमध्ये धान पारखण्यात घालवला. पोत्यात हात घालायचा, एक दाणा दाताखाली कट्‌कन फोडायचा आणि निकाल द्यायचा, "ओला हाये. चार दिवस वाळू दे." आजही अर्धं गाव त्यांना विचारल्याशिवाय धान विकत नाही. आणि त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, "घाई कायची? आवक पाहू." बाजारात माल आला की भाव पडतो, माल आटला की चढतो. यापलीकडे जगात काही शिकण्यासारखं आहे असं ते मानत नाहीत.

धानापुरतं हे ठीक आहे हो! पण हाच नियम त्यांनी लॅपटॉपच्या रॅमला लावला, आणि तिथून माझी रक्तदाबाची गोळी अर्धीची एक झाली.

लॅपटॉप रूपाचा. रूपा ही त्यांची एकुलती एक मुलगी, बंगळूरला नोकरीला. कॉलेजातला जुना लॅपटॉप ती घरी ठेवून गेली आणि दर रविवारी सकाळी दहाला त्यावर तिचा व्हिडिओ कॉल येतो. बाईकडे साधा, बटणांचा फोन आहे. मी एकदा माझा मोठा फोन पुढे केला, तर दौलतभाऊ म्हणाले, "एवढ्याशा डबीत पोट्टी मावते काय? ठेवा तुमच्या खिशात." मी ठेवला.

आता त्या लॅपटॉपची तऱ्हा ऐका. बटण दाबून दौलतभाऊ आंघोळीला जातात. आंघोळ, पूजा, तुळशीला पाणी, सगळं आटोपून येतात तेव्हा पडद्यावर ते गोल चक्र फिरतच असतं. शेवटी एकदाची रूपा उगवते. "बाबा, जेवण वेळेवर करता ना?" एवढं म्हणते आणि अडकते. तोंड उघडं, एक डोळा अर्धा मिटलेला, हात हवेत. आवाजही बंद. ही बिचारी मुलगी वर्षभर आम्हाला अशी जांभई अडकल्यासारखीच दिसते आहे.

मी म्हणतो, "बंद करून परत चालू करा." तर दौलतभाऊ माझं मनगट धरतात. "राहू द्या. राहू द्या थोडा वेळ." मशीनला दम खाऊ द्यावा, असं त्यांना वाटत असणार, अशी माझी समजूत. बैलाला देतात तसा.

रूपा मागच्या दिवाळीला यायची होती. आली नाही, कामातून सुट्टी मिळाली नाही. त्या रविवारी अडकण्याआधी तिनं घाईघाईनं सांगितलं, "बाबा, त्याची मेमरी कमी पडते. रॅम वाढवून घ्या. मेश्रामताई दहा मिनिटांत बसवून देतील. माझी वाट नका पाहू." दौलतभाऊ म्हणाले, "घेतो ना. भाव उतरला का घेतो."

झालं! त्या दिवसापासून दर आठवडी बाजाराला हा गृहस्थ कांदे-वांगी घेऊन झाली की पिशवीसकट मेश्रामताईंच्या दुकानात हजर. मेश्रामताईंचं स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान आहे, झेरॉक्सही तिथेच. ताई मोठ्या शांत स्वभावाच्या, आणि तशा असल्याशिवाय दौलतभाऊंना गिऱ्हाईक म्हणून सोसणं शक्य नाही.

एकदा मीही सोबत होतो.

"काय ताई, आज भाव काय?"

"चढलाच आहे जी, दौलतभाऊ. मागच्या बाजारापेक्षा जास्त."

"काऊन पन? दाखवा बरं माल."

ताईंनी बोटभर लांबीची ती हिरवी पट्टी दाखवली. दौलतभाऊंनी ती उजेडात धरली, उलटी केली, वास घेतला आणि सवयीनं तोंडाकडे नेली.

"दौलतभाऊ! चावू नका जी!" ताई ओरडल्या. मग तोंडाला पदर लावून झेरॉक्स मशीनमागे गेल्या. बराच वेळ आल्याच नाहीत.

"याची आवक कुठून होते?" दौलतभाऊंनी मशीनला विचारलं.

"कोरियाकडून," मशीनमागून उत्तर आलं.

"तिथी यंदा पीक कसं हाये?"

ताई बाहेर आल्या. त्यांनी समजावलं, की माल होतो भरपूर, पण मोठमोठ्या कंपन्या एआयच्या कामासाठी सगळा आधीच उचलून नेतात, म्हणून लॅपटॉपवाल्यांना मिळत नाही आणि भाव चढतो.

दौलतभाऊंचा चेहरा लाल झाला. "म्हनजे मोठे व्यापारी खळ्यावरूनच गाड्या भरून नेऊन राह्यले! आन् गावातल्या मानसाले चिमूटभर नाई! हा कुठचा न्याय हाये, ताई? साठेबाजी हाये ही, सरासर साठेबाजी!"

दुकानातली चार माणसं मान डोलवू लागली. एकानं तर कापसाबद्दलही बोलून घेतलं.

त्याच आठवड्यात त्यांनी माझ्याकडून अर्ज लिहून घेतला. माझं अक्षर चांगलं आहे, हा माझा एकमेव गुण आणि तोही असा अंगाशी येतो. अर्जाचा मजकूर: 'धान विकणाऱ्यास जसा हमीभाव, तसा रॅम घेणाऱ्यासही असावा.' कुठल्या कचेरीत दिला ते सांगत नाही. तिथल्या बाबूनं तो गंभीरपणे वाचला आणि विचारलं, "सातबारा जोडला काय?"

दौलतभाऊंनी जोडला होता.

आता मला सांगा, माणसानं हसावं की डोकं फोडावं? दिवाळी गेली, नव्या धानाची आवक होऊन गेली, संक्रांत गेली. धानाचा भाव पडला, आणि रॅमचा भाव काही केल्या पडेना. उलट दर बाजाराला वर. मी हात जोडून म्हणालो, "अहो, हा धान नाही. कोरियात दिवाळीनंतर मळणी होत नाही. घेऊन टाका." त्यावर, "साडभाऊ, तुमी कूलर कधी घेतला होता?" असं विचारून ते माझं तोंड बंद करत. रूपा म्हणाली, मी ऑनलाइन पाठवते. "पाह्यल्याबिना माल घेत नाई मी," हे उत्तर. आणि इकडे दर रविवारी ती मुलगी जांभई देत अडकलेली!

मग मार्चमधला तो रविवार आला. रूपा दिसली, हसली, म्हणाली, "आई, बाबा, ऐका ना. मी मे महिन्यात..."

अडकली.

मे महिन्यात काय? येते? येत नाही? आम्ही दोघं साडू आणि दोघी बहिणी त्या उघड्या तोंडाकडे बघत बसलो. बाईच्या हातातला चमचा पोह्यात तसाच राहिला. मी उठलो लॅपटॉप बंद करायला, तर दौलतभाऊंनी पुन्हा माझं मनगट धरलं. "राहू द्या."

माझा तोल सुटला. मी एरवी मऊ माणूस आहे, बायकोला विचारा. पण त्या दिवशी मी ओरडलो, "काय राहू द्या? पोरगी काय म्हणते ते कळत नाही, चेहरा धड दिसत नाही, आणि तुम्ही एका पट्टीचा भाव उतरायची वाट पाहता? तुमचं ते आवक-आवक खड्ड्यात घाला!"

दौलतभाऊंनी माझं मनगट सोडलं. खांद्यावरच्या दुपट्ट्यानं पडद्यावरची धूळ पुसत राहिले. धूळ नव्हतीच.

सोमवारी मी रजा टाकली, सकाळच्या गाडीनं चांदा फोर्टला उतरलो आणि चंद्रपुरातल्या एका मोठ्या दुकानात छाती काढून शिरलो. दुकानदारानं दोन पट्ट्या पुढे ठेवल्या, एक छोटी, एक दुप्पट लांब. किंमत जवळजवळ सारखी. तो काहीतरी विचारू लागला, पण मी आधीच म्हणालो, "मोठी द्या." एवढ्या पैशात लांब मिळत असताना आखूड कोण घेईल? बरोबर शिखराच्या भावाला माल घेऊन मी विजयी मुद्रेनं परतलो आणि संध्याकाळी दिवेलागणीला तडक दौलतभाऊंकडे.

ते अंगणात खुर्चीवर बसले होते. मी पट्टी त्यांच्या मांडीवर ठेवली. "घ्या! आता बसवा आणि विषय संपवा."

"केवढ्याले?" त्यांनी विचारलं. मी सांगितलं. त्यांनी डोळे मिटून घेतले, जसं कोणी गेल्याचं कळल्यावर मिटतात.

बाई उंबऱ्यात उभी होती. ती आत गेली, आणि तांदळाचा डबा घेऊन आली. झाकण उघडलं, कोपरापर्यंत हात घातला आणि तांदळातून प्लॅस्टिकचं एक पाकीट वर काढलं. तांदूळ झटकून माझ्या पट्टीशेजारी ठेवलं. आत हिरवी पट्टी होती. माझ्या पट्टीच्या निम्मी.

"लॅपटॉपची अशी राह्यते, भाऊजी," बाई म्हणाली. "तुमी आनली ते मोठ्या कॉम्प्युटरची हाये."

माझ्या विजयाचं काय झालं ते जाऊ द्या. मी विचारलं, "ही कधी घेतली?"

"श्रावनात. पोट्टीनं सांगतलं त्याच बाजाराले. तवा स्वस्त होती."

म्हणजे मेश्रामताईंनीच विकली होती! आणि मी समजत होतो, त्या दौलतभाऊंच्या चावण्याला हसताहेत.

"मग बसवली का नाही?"

दौलतभाऊ अंगणातल्या मातीकडे बघत होते. बाईच बोलली. "तवा रूपा म्हने, बाबा, घेऊन ठेवा, दुकानात देऊ नका, दिवाळीले आली का मीच बसवून देते. हवेनं खराब होऊ नाई म्हनून यायनं तांदळात ठेवली. मंग ते दिवाळीले आली नाई. म्हने, माझी वाट नका पाहू, मेश्रामताईकडून बसवून घ्या." बाई थांबली. "तवा हे म्हनाले, अजून घेतलीच नाई."

"आन् पोट्टी दर रविवारी भाव विचारते," दौलतभाऊ पुटपुटले. "तिले तिथी फोनवर सारं दिसते. खोटं बोलाले खरा भाव पाह्यजे ना, साडभाऊ."

मला बोलायचं बरंच होतं. मी सकाळपासून गाडीत वाक्यं जुळवत आलो होतो. त्यातलं एकही कामाचं उरलं नाही.

"काल काय म्हणत होती ती? मे महिन्याचं?"

"सांजेले फोन आल्ता," बाई म्हणाली. "मे महिन्यात जमत नाई म्हने. पाहू, गनपतीले."

दौलतभाऊंनी पाकीट उचललं आणि डब्यात परत तांदळाखाली सरकवलं. हातानं वरचा तांदूळ सारखा केला, दाणा पारखताना करतात तसा. मग म्हणाले, "चांगली चालली ना मशीन, तं 'बरं बाबा, ठेवते' म्हन्ते आन् पाच मिनटात जाते. हँग झाली का बसते बिचारी थोडा वेळ. हालत नाई, बोलत नाई. पन बसते."

मी मनगटावरून हात फिरवला. इतके रविवार त्यांनी ते का धरलं होतं, ते त्या मनगटाला आत्ता कळलं.

माझी लांब पट्टी कपाटात आहे. पाहुणे आले की बायको ती दाखवते.

पुढच्या बाजाराच्या दिवशी मी मेश्रामताईंच्या दुकानात झेरॉक्स काढत होतो. दौलतभाऊ वांग्यांची पिशवी सांभाळत आले.

"काय ताई, आज भाव काय?"

ताईंनी कॉम्प्युटरवर पाहिलं, मग त्यांच्याकडे, मग माझ्याकडे. खोटं सांगणं त्यांच्या स्वभावात नाही. हळूच म्हणाल्या, "आज थोडा उतरला जी, दौलतभाऊ."

दौलतभाऊंच्या हातातली पिशवी खाली गेली. दिवाळीपासून जो भाव चढला म्हणून हा माणूस अर्ज-फाटे करत होता, तो उतरल्यावर त्यांचा चेहरा असा झाला, की मी जन्मात कोणाचा तसा पाहिलेला नाही. रविवार तीन दिवसांवर होता. रूपा विचारणारच.

मग मी, ज्यानं प्रत्येक कूलर मे महिन्यात घेतला तो मी, दुकानातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "थोड्यानं काय होते, दौलतभाऊ? अजून उतरू द्या. घाई कायची? गणपतीपर्यंत आवक पाहू."