कर्णा, नळी आणि बिजाटोल्याची चढण

समस्त मोटारवान, बंडीवान, तैसेच सासुरवाडीची वाट ज्यांचे कपाळी लिहिली आहे ऐसे यच्चयावत जावई, यांसी कळो यावे की, शालिवाहन शके अठराशे पंचाहत्तर, विजयनाम संवत्सरी, मार्गशीर्षमासी, गोंदिया प्रांती जे थोर राजकारण जाहले, आणि ज्यात एक जीप, एक नळी, एक कर्णा व एक मानी स्त्री यांचा कस लागला, त्याची हकीकत येथे लिहिली आहे. बखरकार कोणाचे मीठ खाऊन लिहीत नाही. चहा प्याला आहे, तो वेगळा.

मौजे बिरसी येथे चैतराम रहांगडाले, धानाच्या बांध्यांचे धनी, वय तरणे, मिशी पीळदार, नांदत होते. त्यांचे पूर्वज माळव्याहून घोड्यांवर मांड ठोकून वैनगंगेच्या मुलुखी उतरले, आणि मग घोडी गेली, नांगर आले, तरी रक्तातली रग काही गेली नाही. पुढे महायुद्ध सरले, आणि गोरे लोक बिरसीच्या धावपट्टीवरून चंबूगबाळे आवरून गेले, आणि त्यांची एक जीप लिलावात निघाली, ती चैतरामांनी घेतली आणि तीस पंचकल्याणी घोडीचा इतमाम दिला. दसऱ्यास तिची पूजा होई, पोळ्यास तीस झूल चढे, आणि बैल बिचारे गोठ्यातून टकमका पाहात.

परंतु नशिबाचा फासा उलटा पडला. भाऊबीजेस खासा कबिला फुलवंताबाई यांस माहेरी, मौजे बिजाटोला, सालेकसा जंगलपट्टी, येथे पोचवण्यास स्वारी निघाली, ती गावाखालच्या चढणीवर अडली. जीप धापा टाकून बसली, आणि नवे लुगडे नेसलेल्या बाईंस खाली उतरून मागून रेटा द्यावा लागला, आणि नेमकी त्या दिवशी गावची मंडई, म्हणजे दिवाळीमागची जत्रा, भरली होती, म्हणून पंचक्रोशीने तो तमाशा पाहिला. कोणी टवाळाने विचारले, ‘‘पोरगी गाडीत येऊन राहिली, का गाडी पोरीवर?’’ मग काय विचारता! बाईंनी ओसरीवरून फर्मान काढले, ते येणेप्रमाणे: ‘‘मी आता त्या डबड्याले हात लावत नाई. कोनी न ढकलता, बैल न लावता, आपल्या पायानं दारात आलं, तं बसीन. नाई तं मले न्याले बैलबंडी धाडा, आनि डबडं भंगारात द्या.’’ त्यांचे तीर्थरूप ग्यानीराम पटेल यांणी त्यावर मिशीवर हात फिरवून शिक्कामोर्तब केले.

चैतराम बिरसीस परतले आणि हवालदिल जाहले. जीप राहावी आणि बायकोही मानाने यावी, असा दुहेरी पेच. दिवस जात, घरी भात शिजे, पण घास गोड लागेना, आणि रिकाम्या घरात जीपेशी बोलून तरी किती बोलणार? फुलवंताबाईंची त्यांस फार फार आठवण येई. ही गोष्ट त्यांणी कोणापाशी काढली नाही, परंतु बखरकारापासून काय लपते!

मग मसलतीस गोंदियाचे मुन्नालाल, राइस मिलचे फिटर, ग्रीसभूषण, पानामंडित, यांस पाचारण केले. त्यांणी जीपेभोवती प्रदक्षिणा घातली आणि पिंक टाकून अर्ज केला की, ‘‘भैया, इसका तो दम घुट रहा है. नाक छोटी, पीछे से बंद. भट्टी की चिमनी जितनी ऊंची, उतना खिंचाव. मिल में देखा नहीं?’’ आता गोंदियाचा मनुष्य जन्मापासून धानाच्या गिरण्यांच्या धुरांड्यांखाली वाढलेला, त्यास ही गोष्ट वेदवाक्य वाटली यात नवल नाही. मग जीपेचे मूळचे सायलेन्सर उतरविले, आणि गिरणीच्या जुन्या धुरांड्याचा पत्रा वळून उंच नळी केली आणि ती पाठीमागे निशाणाच्या काठीप्रमाणे उभी केली. हवा गाळण्याचा डबा काढून टाकला, आणि त्याचे जागी रुंद तोंडाचा पत्र्याचा कर्णा, ज्यात कोंबडी सुखाने अंडी घालील एवढा, बॉनेटच्या बाजूस पुढे तोंड करून बसविला. आणि मग इंजिन चालू केले तेव्हा ऐसा गडगडाट जाहला की म्हशींनी दावी तोडली, आणि एक म्हातारी ‘‘गोरे वापस आले वो माय!’’ म्हणत कोठीमागे दडली. चैतरामांची छाती वीतभर फुगली. आवाज वाढला तो जोरच वाढला, ऐसे त्यांस वाटले.

सुमुहूर्त पाहून स्वारी निघाली. मुन्नालाल शेजारी, पानाचा डबा मांडीवर. गोंदिया मागे टाकिले, आमगाव मागे टाकिले, मजल दरमजल सालेकसा गाठिले. सपाट सडकेवर जीप पूर्वीइतकीच पळत होती, तसूभर अधिक नाही, हे चैतरामांच्या ध्यानी आले, परंतु मुन्नालालांनी ‘‘अभी गरम नहीं हुई’’ ऐसा निर्वाळा दिला, आणि मानी माणसास आपल्या सोयीचा निर्वाळा लगेच पटतो.

मग ती चढण आली. चढणीच्या कडेस गावकऱ्यांचे खळे, आणि वारा पाहून धानाची उडवणी चाललेली, आणि भुसा साऱ्या रस्त्यावर उडत होता. चैतरामांनी ‘हर हर’ म्हणून वेग दिला, नळी गर्जली, आणि कर्ण्याने आ वासून समोरचा सगळा भुसा गिळला. जीप खोकली, शिंकली आणि मध्येच गपगार जाहली. कर्ण्यात हात घालून मूठ मूठ भुसा काढिला, मागे घरंगळत खाली आले, पुन्हा हल्ला केला, पुन्हा तीच गत! खळ्यावरचे लोक सुपे टाकून पाहू लागले. एकाने बैलजोडी देऊ केली, ती चैतरामांनी नाकारिली. मुन्नालालांनी याहून मोठा कर्णा करावा ऐसी सूचना केली, तेव्हा चैतरामांनी त्यांजकडे असे पाहिले की त्यांणी पानाचा डबा उघडून त्यात तोंड घातले.

चैतराम चढणीखाली बसले. गेली, म्हणाले मनाशी. जीप भंगारात गेली, आणि फुलवंता बंडीतून तोंड फुगवून येणार, आणि जन्मभर बोल ऐकावा लागणार. ऐसे बसले असता कर्ण्याच्या तोंडाकडे पाहता पाहता त्यांस सुचले की, भुसा पुढून तोंडात जातो, तर जीपच पाठमोरी चालविली तर? आणि चिखलाच्या बांधीत रुतली म्हणजे ती नेहमी मागच्याच गिअरात निघते, पुढच्यात नाही! परंतु माळवा सोडिल्यापासून रहांगडाले कुळाने कोणास पाठ दाखविली नव्हती, आणि सासुरवाडीस दाखवावी? बहुत विचार पडला. मग मिशीचा पीळ सैल करून ते उठले आणि म्हणाले, ‘‘जाऊ दे कुळ! बायको महत्त्वाची.’’

मग कर्णा झटकून साफ केला, जीप फिरविली, आणि मान मागे वळवून, मागचा गिअर घालून, उलटी चढाई आरंभिली. नळी पुढे, कर्णा मागे, आणि जीप मुंगीच्या चालीने, परंतु एकदाही न थांबता, वर वर चढली. खळ्यावर एकच आरोळी उठली. आणि येणेप्रमाणे स्वारी ग्यानीरामांच्या ओसरीच्या पायरीस पाठ टेकून उभी राहिली.

तेथे मोठा वाद माजला. ग्यानीरामांनी सवाल केला, ‘‘जवाईबुवा, हे येनं म्हनावं का जानं?’’ पंच मंडळीत दोन तट पडले. तो फुलवंताबाई पेटी घेऊन बाहेर आल्या आणि कमरेवर हात ठेवून निवाडा दिला: ‘‘दारात आली का नाई? कोनी ढकलली? बैल लावले? मंग कायचा वाद! उलट तोंड बिरसीच्या घराकडं होऊन आहे, वळवाची कटकट नाई.’’

चैतरामांस भरून आले. पेटी इतक्यात कैसी बांधिली, ऐसे त्यांणी हळूच विचारिले. बाई म्हणाल्या, ‘‘नाल्यापासून त्या नळीचा गलका ऐकून राहिली ना मी. तवाच बांधली.’’ तेव्हा नळीचे सार्थक जाहले ऐसे पाहून मुन्नालालांनी मिशीस हात लाविला. परंतु ग्यानीराम पोट धरून हसू लागले, आणि बोलले, ‘‘काऊन खोटं बोलतेस वो? पेटी तं मंडई सरल्यापासून बांधूनच आहे. रोज सांजेले उघडते, लुगडे मोजते, पुन्हा बांधते. बंडी आली असती तरी गेली असती, पायी बोलावलं असतं तरी गेली असती!’’ फुलवंताबाई लाजून लाल जाहल्या आणि चटकन पुढच्या बैठकीवर चढून बसल्या, आणि चैतरामांस म्हणाल्या, ‘‘चला ना आता, का पाहून राहिले?’’

येणेप्रमाणे बिजाटोल्याची चढण मार्गशीर्षमासी फत्ते जाहली. दप्तरी नोंद ऐसी की, नळीने आवाज वाढला आणि कर्ण्याने भुसा वाढला, जीपेचा जोर गुंजभरही वाढला नाही, आणि ज्या गडावर इतक्या सरंजामाने चाल केली त्याचा दरवाजा पहिल्या दिवसापासून उघडाच होता.