दांड्याची बदली

कोहळटोल्याच्या तलावातल्या वाळूच्या दांड्याची बदली झाली. आदेश त्याच्याच नावाने असल्यामुळे शिपायाने तो दांड्याच्या टोकावर ठेवला, वर दगड ठेवला आणि बजावल्याची नोंद केली.

तलावापलीकडे नवे विश्रामगृह झाले होते. तिथे पाहुण्यांच्या नावा लाटांनी फार हलायच्या, म्हणून दांड्याने पंधरा दिवसांत तिकडे रुजू व्हायचे होते.

सयत्राबाई मारबते जाळे सांधत होती. हे कळताच तिने जाळे तिथेच टाकले. लाटा तिरप्या येऊन काठची वाळू पुढे पुढे लोटत. काठ आत वळतो तिथे त्यांचा जोर ओसरे आणि वाळू खाली बसे. असा कणाकणाने दांडा पाण्यात लांबला होता. त्याच्या आडोशाला पाणी निवांत राही. तिथे गाळ धरला, न पेरता देवधान उगवले, त्या दाटीत मासे अंडी घालू लागले. सयत्राबाईची चूल त्या माशांवर आणि त्या धानावर पेटत होती. दांडा गेला तर पहिल्याच वाऱ्यात सगळे उखडणार होते.

तिने आधी दांड्यालाच धारेवर धरले.

“एवढी वर्षं आमाले राखलं, अन् एका कागदावर उठला? काहून गा, तोंड नाही तुले?”

दांडा म्हणाला की आपण स्वतःच्या मर्जीने कधी कुठे गेलोच नाही, लाटेने आणले तसे आलो. त्याच्याशी आणखी बोलण्यात अर्थ नव्हता.

कचेरीत साहेबाने तिला बसायला सांगितले. ती बसली नाही. साहेब समजुतीने म्हणाला की कुणी कार्यभार घेतला तर जागा चालू राहील; पण तिघांनी आधीच नकार दिला आहे, तेव्हा पद बहुधा रद्दच होईल.

“पद तुमचं हाये, पाणी माझं हाये,” सयत्राबाई म्हणाली. “लिवा माझं नाव.”

साहेबाने नियम चाळले आणि पोहता येते का, असे विचारले.

“पोहणारा काय कामाचा, सायेब? जागचा न हलणारा पाहिजे ना तुमाले?”

नियमात तसेच होते. साहेबाने शिक्का मारला.

बुधवारी दांडा काठाकाठाने निघून गेला. सयत्राबाई त्याच्या जागी, कमरेइतक्या पाण्यात, वाऱ्याकडे तोंड करून उभी राहिली. दर लाटेला ती एक शिवी हासडायची. लाटेला नव्हे, आदेशावर सही करणाऱ्याला. लाट तिच्यावर फुटायची, वाळू तिच्या टाचांमागे बसायची.

दिवाळीच्या तोंडावर तिची सून वच्छला डबा घेऊन निघाली आणि कोरड्या पायांनी तिच्यापर्यंत पोचली. मागच्या पाण्यात देवधान पिकले होते.

“अजून राग हाये, आत्याबाई?”

“हाये. म्हणून तं उभी आहो.”

वच्छलाने भात कालवला आणि सासूला घास भरवला, कारण कामावर असताना हात हलवायची परवानगी नव्हती.