बिस्किटाच्या डब्यातलं भूत

"माणसाला घाबरवायला भूत लागतं असं ज्याला वाटतं, त्याने सिनेमाच्या धंद्यात पडू नये, भजी तळावीत," असं एकनाथ छातीठोकपणे सांगायचा. तो पालघरच्या टॉकीजमध्ये बारा वर्षं ऑपरेटर होता, आणि ऑपरेटर म्हणजे पडद्याकडे कमी आणि पब्लिककडे जास्त पाहणारा माणूस. केबिनच्या चौकोनी खिडकीतून बघून बघून त्याने एक शोध लावला होता. माणूस घाबरला की हळूच पाय खुर्चीवर घेतो. मागून बघणाऱ्याला पाय दिसत नाहीत, पण रांगेतलं डोकं वीतभर वर आलेलं दिसतं. किती डोकी वर आली यावरून एकनाथ भीती मोजायचा. त्याच्या हिशेबाने आजवरच्या एकाही भुताला वीस डोक्यांच्या वर जाता आलं नव्हतं.

एकनाथ मूळचा सातपाटीचा, खलाशाचा मुलगा. पण देवाने त्याला घडवताना पोट उलटं बसवलं होतं. बोट खाडीच्या तोंडाशी पोहोचायच्या आत सकाळची न्याहारी समुद्राला अर्पण व्हायची. बापाने तीन वेळा नेलं, तिन्ही वेळा परत आणलं, आणि पोरगं शेवटी टॉकीजच्या अंधारात येऊन स्थिरावलं. ही गोष्ट त्याची सासू येसूबाई हिला बारा वर्षं खुपत होती. येसूबाई पालघरच्या बाजारात म्हावरं, म्हणजे मासळी, विकायची आणि घरी सगळ्यांना चालवायची. तिचा मुलगा दामू बोटीचा मालक, पण दामूचा मालक येसूबाई. लेकीने, म्हणजे पुष्पलताने, अंधारात चाक फिरवणारा नवरा पत्करला हे तिने मान्य केलं होतं; विसरली मात्र नव्हती.

आणि नेमकी चौऱ्याऐंशी साली बोईसरला व्हिडिओ पार्लरं निघाली. कारखान्यांतले कामगार तिकडे जाऊन बाकावर बसू लागले आणि टॉकीजमधल्या खुर्च्यांवर उंदीर बसू लागले. टॉकीजचे मालक पुंजारामशेठ एके सकाळी केबिनमध्ये आले, बसले आणि म्हणाले, "एकनाथ, पुढच्या शुक्रवारी ही भुताची फिल्म लावतोय. आठवडा भरला तर ठीक. नाही भरला तर बोईसरच्या एका कारखान्याला गोडाऊन हवंय."

ही बातमी एकनाथच्या आधी सातपाटीला पोहोचली. संध्याकाळी येसूबाई टोपली उतरवता उतरवता म्हणाली, "थेटर बंद होतंय तर होऊ दे, जावयबापू. दामूला बोटीवर मानूस कमीच हाय."

"मामी, मला बोट सोसत नाही," एकनाथ म्हणाला.

"समिंदराला तुमी सोसता काय ते बघू," येसूबाई म्हणाली. 

तेव्हा हा आठवडा भरणं भागच होतं. फिल्म गुजरातेत कुठेतरी तीन दिवसांत पडली होती, म्हणून पेट्या आठवडाभर आधीच येऊन पडल्या होत्या. ट्रेलर मात्र त्यात नव्हता, कोणीतरी वाटेत ठेवून घेतला होता. एकनाथने एका सकाळी एकट्याने सगळी रिळं चालवून पाहिली. दहाव्या रिळात भूत समोर आलं तेव्हा तो मोठ्याने हसला. डोक्यावर फाटकं जाळं टाकून कोणीतरी दात दुखत असल्यासारखा उभा होता. हे भूत दाखवलं तर सातपाटीच्या बायका त्याला दोन बोंबील जास्त घालून घरी पाठवतील, हे त्याला कळून चुकलं.

"मग ट्रेलर आपणच करू, आणि त्यात हे दाखवायचंच नाही," तो स्वतःशी म्हणाला आणि त्याने ब्लेड काढलं.

कंपनीच्या फिल्मला ब्लेड लावणं हा ऑपरेटरच्या दुनियेतला सर्वात मोठा गुन्हा. नोकरी जातेच, वर पुन्हा कुठल्या केबिनची पायरी चढता येत नाही. पण आठ दिवसांपुरतंच तर कापायचं होतं; शुक्रवारी सकाळी सगळे तुकडे जागच्या जागी चिकटवले की कोणाच्या बापाला कळणार होतं? असा विचार करून त्याने अकरा जागा कापल्या. बंद दार, हलणारा कंदील, पायऱ्यांवरची ओली पावलं आणि किंचाळणाऱ्या नायिकेचं तोंड. ती कशाला किंचाळते ते नाही, फक्त तोंड. भुताचा एक हात घेतला, तोही मनगटापर्यंत. उरलेलं भूत गुंडाळून त्याने बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवलं.

मग त्याने ट्रेलर जोडला. आधी दार दाखवलं आणि तसंच ठेवलं. पब्लिकला वाटावं आता उघडेल, तरी ठेवलं. ऑपरेटर झोपला की काय असं वाटावं, तरी ठेवलं. मग काळी पट्टी. त्यानंतर एक तुकडा लांब, पुढचा आखूड, त्याच्या पुढचा त्याहून आखूड, की बघणाऱ्याचा श्वास त्या मापाने तुटत जावा. आणि शेवटी दाराची कडी निघते, दार बोटभर उघडतं, आणि बस. पुढे नुसतं 'शुक्रवारपासून'.

यात एक करामत आपोआप झाली. फिल्मवर चित्राचा आवाज चित्राच्या शेजारी छापलेला नसतो, वीस चौकटी आधी छापलेला असतो. त्यामुळे तुकडा कापला की त्याच्या आवाजाचा पहिला पाऊण सेकंद मूळ फिल्ममध्येच मागे राहतो. ट्रेलरमध्ये नायिका तोंड उघडायची, क्षणभर काहीच ऐकू यायचं नाही, आणि मग एकदम मधूनच किंकाळी फुटायची. पहिल्यांदा हे ऐकून एकनाथच्या हातातला चहा सांडला. मागे राहिलेल्या पाऊण सेकंदाचा त्याने विचार केला नाही. पाऊण सेकंदाला कोण विचारतो?

त्या आठवड्यात टॉकीजला एक पौराणिक चित्रपट चालू होता. त्याच्या आधी ट्रेलर लागला आणि पहिल्याच दिवशी बेचाळीस डोकी वर आली. देवाच्या सिनेमाला आलेल्या, पालघरजवळच्या माहीमच्या सोजराबाईने पुढचा सबंध सिनेमा मांडी घालून पाहिला. मंगळवारपर्यंत बाजारात दुसरा विषय नव्हता. "दाराच्या मागं काय हाय?" हे माणसं एकमेकांना विचारत होती, आणि जो तो आपापल्या घरातलं सर्वात भीतिदायक माणूस डोळ्यांपुढे आणत होता. शुक्रवार अष्टमीला येत होता. अष्टमीच्या आसपास कोळी जिला भांग म्हणतात ती असते, भरती-ओहोटी मंदावते, समुद्राच्या पाण्याला ओढ नसते, बोटी किनाऱ्यावर असतात. म्हणजे सातपाटीचे सगळे खलाशी मोकळे. एकनाथला आपल्या अकलेचं स्वतःलाच कौतुक वाटू लागलं.

गुरुवारी रात्री त्याने ट्रेलरही उतरवून त्याच डब्यात ठेवला. शुक्रवारी सकाळी तो फिल्म चिकटवायच्या सिमेंटची बाटली घेऊन केबिनमध्ये आला आणि फळीवर डबा नव्हता.

त्याने फळीखाली पाहिलं, पेट्यांत पाहिलं, शेवटी पुंजारामशेठकडे धावला.

"तो बिस्किटाचा डबा?" शेठ खुशीत म्हणाले. "अरे, काय ट्रेलर पाठवलाय कंपनीने. माझ्या साडूची डहाणूला टॉकीज आहे ना, त्याच्याकडे ही फिल्म पुढे लागायची आहे. सकाळच्या गाडीने पाठवून दिला त्याला. आठ दिवसांनी येईल परत."

कंपनीने नाही, मी, असं म्हणायला एकनाथचं तोंड उघडलं. पण ते म्हणायचं म्हणजे ब्लेडचंही सांगायला हवं होतं.  बाहेर तीनच्या खेळाला तिकीट खिडकीपासून रस्त्यापर्यंत रांग लागली होती आणि रांगेत सर्वात पुढे येसूबाई होती, मागे दामू आणि त्याचे सहाच्या सहा खलाशी.

खेळ सुरू झाला. एकनाथ घामाने निथळत खिडकीपाशी उभा. दोन रिळं सुरळीत गेली. मग पहिली कापलेली जागा आली. हवेली, अंधार, नायिका दाराकडे जाते आणि पुढच्या क्षणी लख्ख सकाळ. कोणत्याही भुताच्या सिनेमात किंकाळी झाली की सकाळ होते, आणि सकाळ झाली की पब्लिकला जरा सैल करायला कोणीतरी चहा आणतं. इथे हवेलीचा म्हातारा स्वयंपाकी आणायचा. पांढऱ्या मिशा, गरीब चेहरा, हातात ट्रे. तो दारातून आत आला, आणि मागे राहिलेली पाऊण सेकंदाची किंकाळी नेमकी त्याच्या तोंडावर वाजली.

स्वयंपाक्याने हसून चहा पुढे केला. 

दुसरी जागा आली. कंदील, मग सकाळ, किंकाळी, स्वयंपाकी, चहा. तिसऱ्या वेळी पुढच्या रांगेतून कोणीतरी कळवळून ओरडलं, "पिऊ नको गं बाय, तो चा पिऊ नको!" आणि नायिका प्यायली. अकरापैकी नऊ वेळा तो म्हातारा ट्रे घेऊन आला. शेवटी मांत्रिक मंत्र म्हणतो, दाराकडे बोट करतो, इथे भूत यायचं होतं. भूत डहाणूच्या गाडीत होतं. किंकाळी झाली आणि दारातून आला तो चहा.

एकनाथने डोकी मोजायचं सोडून दिलं होतं, कारण खाली कोणाचं डोकंच राहिलं नव्हतं. सगळे उंच झाले होते. आणि त्यांत, दुसऱ्या रांगेच्या कडेला, अंबाड्यावर अबोलीचा गजरा माळलेलं एक डोकं सर्वांहून वर होतं. वादळात पोटचा मुलगा समुद्रावर असताना शांतपणे मासे खारवत बसलेली येसूबाई खुर्चीवर उकिडवी बसली होती. त्या एका क्षणापुरती एकनाथला कशाचीच भीती वाटली नाही.

खेळ सुटल्यावर त्याने शेठचे पाय धरले आणि सगळं ओकून टाकलं. "साडूंना ट्रंककॉल लावा. डबा आला की रात्रीतून सगळं जोडतो," तो म्हणाला.

शेठनी खिडकीतून खाली बोट दाखवलं. तीनच्या खेळाचे लोक घरी न जाता सहाच्या खेळाच्या रांगेत उभे होते आणि स्वयंपाकी चहात काय घालत असेल यावर भांडत होते. "त्या फिल्मला पुन्हा हात लावलास," शेठ म्हणाले, "तर मात्र खरंच काढून टाकीन."

टॉकीज वाचली. नोकरी वाचली. चार दिवस बाहेर 'हाउसफुल्ल'ची पाटी होती. गोष्ट खरं तर इथेच संपायला हवी होती.

दामूच्या बोटीवर चहा-भात करायला नवशा म्हणून एक जण होता. साठीचा, पांढऱ्या मिशांचा, चेहरा गरीब, बोलणं जवळजवळ नाहीच. भांगेमुळे तो आपल्या घरी होता आणि सिनेमा त्याने पाहिला नव्हता. एकादशीला बोट पुन्हा निघायची होती, म्हणून आदल्या दिवशी जाळी भरताना त्याने नेहमीप्रमाणे सगळ्यांना चहा केला आणि थाळीत पेले घेऊन मुकाट्याने मागून येऊन उभा राहिला. सहा खलाशांपैकी दोघे चिखलात उतरले, तिघांनी हात मागे घेतले आणि महादू नावाचा सर्वात दांडगा होता त्याने रामनाम घेतलं. ह्या माणसाबरोबर आठ दिवस समुद्रावर राहायचं नाही, असं सगळ्यांनी दामूला साफ सांगितलं.

येसूबाईने एकनाथला बोलावून घेतलं. "भावोजी," दामू खाली मान घालून म्हणाला, "ऐन मोसम हाय. बोट सोरायलाच पायजे, आनि चुलीला मानूस नाय."

एकनाथने शेवटचा उपाय म्हणून खलाशांना सगळं खरं सांगितलं. "अरे, त्या स्वयंपाक्याने काही केलेलं नाही. भूत वेगळंच होतं. मी ते कापून डब्यात ठेवलं."

महादूने त्याच्याकडे दयेने पाहिलं. "भूत आमी पायलंच नाय, भाऊ. सैपाकी सोताच्या डोल्यानं पायला. खोटं कशाला बोलता?"

"मला शेठ रजा द्यायचे नाहीत," एकनाथ म्हणाला. हे मात्र त्याला मनापासून वाटत होतं.

शेठनी रजा दिली. वर म्हणाले, "जा की आरामात. अर्धी कटकट तर तू कापूनच ठेवलीयस. जुना ऑपरेटर झिपरू आहे, तो चालवील."

"ज्यानं घाबरवलं त्यानं चूल सांभालावी," येसूबाई म्हणाली आणि तिने त्याच्या हातात लिंबांची पिशवी दिली.

त्या आठ दिवसांबद्दल बोलण्यासारखं काही नाही. एकनाथने चहा पुष्कळ केला, पण त्याचा स्वतःचा चेहरा इतका पांढराफटक पडला होता की खलाशी पेला घेण्याआधी त्याला एक घोट प्यायला लावत, आणि तो घोट त्याच्या पोटात कधी टिकला नाही. नवव्या दिवशी दोघांच्या खांद्यावर हात टाकून तो सातपाटीच्या धक्क्यावर उतरला आणि नवशा पालघरला गेलाय असं कळताच घरी न जाता तसाच एस. टी. पकडून पालघरला निघाला. नवशाच्या पाया पडून, त्याला हवं ते देऊन, परत बोटीवर पाठवायचं एवढंच त्याच्या मनात होतं.

नवशा टॉकीजमध्येच सापडला. तीनचा खेळ नुकताच सुटत होता. दारावरच्या माणसाची त्याच्याकडे तिकीट मागायची छाती झाली नव्हती, त्यामुळे गेले आठ दिवस तो फुकटात बसत होता. त्याच्या आजूबाजूच्या तीन-तीन खुर्च्या लोक आपण होऊन मोकळ्या सोडत होते. नवशा मधोमध हातपाय ताणून बसला होता. आयुष्यात इतकी ऐसपैस जागा त्याला कधी मिळाली नव्हती.

"नवशाकाका," एकनाथ खुर्चीच्या पाठीला धरून म्हणाला, "झाला ना बघून? आता उद्यापासून तुम्ही बोटीवर—"

"आठ दिस पायला," नवशा म्हणाला, "पन बाहेर भूत म्हून लिवलंय, नि भूत काय अजून आलं नाय." त्याने सहाच्या खेळासाठी पाय पुढच्या खुर्चीवर नीट टाकले. "ते आल्याबिगर मी कंय जायाचा नाय. तवर तुमीच जा."