किटलीसाठी घेतलेली काठी

यंदा गोल्फचा नवा ड्रायव्हर, म्हणजे पहिल्या फटक्याची काठी, घ्यायचाच, हे वॉटी पिरीने दाढी करताना ठरवलं. खरं तर दाढी करताना माणसाने काही ठरवू नये. समोर आरशात एकच माणूस असतो, आणि तो आपल्या प्रत्येक म्हणण्याला मान डोलावतो.

वॉटी इन्व्हरकेलीच्या बंदरावर मासे धुरवायच्या भट्टीत कामाला होता. दिवसभर हॅडॉक माशांच्या जोड्या दोरीने बांधून धुरावर टांगायच्या आणि संध्याकाळी गावातल्या सगळ्यांसारखं गोल्फ खेळायचं. (त्या गावात गोल्फ म्हणजे श्रीमंती नव्हे. समुद्राकाठचं मैदान नगरपालिकेचं. पाव आणायला निघालेला माणूससुद्धा वाटेत चार फटके मारून येतो.) फरक इतकाच, की बाकीचे लोक चेंडू मारायचे आणि वॉटी चेंडू शोधायचा. त्याचा पहिला फटका हटकून उजवीकडे वळायचा. काटेरी झुडपांत, वाळूत, आणि एकदा तर थेट शेजारच्या पाद्रीबुवांच्या सॅलडच्या वाफ्यात.

हे सगळं एकट्याचं दुःख असतं तर चाललं असतं. पण मध्ये किटली होती.

किटली त्याच्या सासूबाईंची, चांदीची. सासूबाई गेल्या तेव्हा कपाटांची, पडद्यांची, मांजराचीसुद्धा वाटणी झाली. किटली मात्र एकच, आणि ती वॉटीची बायको सेंगा आणि तिची थोरली बहीण रोना, दोघींनाही हवी. शेवटी असं ठरलं, की दर सप्टेंबरात दोन्ही जोडप्यांनी गोल्फचा सामना खेळायचा आणि जिंकेल तिच्या घरी किटली वर्षभर राहायची. सामनाही असा, की जोडप्याला चेंडू एकच. एक फटका नवऱ्याने मारायचा आणि चेंडू जिथे जाऊन पडेल तिथून पुढचा बायकोने. ही पद्धत ज्याने काढली तो बहुधा अविवाहित असावा.

त्यामुळे वॉटी दरवर्षी चेंडू झुडपात घालायचा आणि सेंगा दरवर्षी झुडपात शिरायची. किटली रोनाच्या घरी, रस्त्याकडच्या खिडकीत. बेकरीत कामाला जाताना सेंगाला ती रोज दिसायची.

"तोटी मुद्दाम माझ्याकडे वळवून ठेवते ती," सेंगा म्हणायची. "आई असती तर म्हणाली असती, सेंगा, तुझ्या हातचा चहा बरा. आता आईची किटली तिच्याकडे, आणि माझ्याकडे कोण? तू!"

म्हणून वॉटी एनियासच्या दुकानात गेला. म्हातारा एनियास मैदानाच्या फाटकाशी गोल्फच्या नव्याजुन्या काठ्या विकायचा. दारातच जुन्या काठ्यांचं एक पिंप होतं.

"स्वस्तातला ड्रायव्हर दाखवा," वॉटी म्हणाला.

"तुला ड्रायव्हर नको," एनियास वर न बघता म्हणाला.

"अहो, गिऱ्हाईक मी आहे!"

"म्हणून तर सांगतोय. ड्रायव्हर म्हणजे सगळ्यात लांब दांड्याची काठी. दांडा लांब तेवढी चूक लांब जाते. तू ही घे. हायब्रिड. अर्धी लोखंडी काठीची जात, अर्धी लाकडीची. चेंडू कमी जातो, पण समोर जातो."

"ती बायकांची काठी आहे."

"सेंगाला सांगू का, तू असं म्हणालास ते?"

वॉटीने घाईघाईने विषय बदलला. "आणि हे काय?"

"फेअरवे वूड. नावात लाकूड, डोकं पोलादी. जमिनीवरून मारायला."

"लाकूड नाही तर लाकूड का म्हणायचं?"

"तुला खेळाडू नाही का म्हणत?"

एवढं ऐकल्यावर कुठलाही मानी माणूस जे करेल तेच वॉटीने केलं. पिंपातला सगळ्यात मोठ्या डोक्याचा, चकचकीत काळा ड्रायव्हर उपसला. दोन वर्षांपूर्वीची बनावट, म्हणून निम्म्या किमतीत. डोक्याचा उतार इतका कमी, की तो फक्त दणकट पोरांना झेपावा. एनियासने ते सांगितलंही. वॉटीला त्यातलं 'दणकट' एवढंच ऐकू आलं.

आता प्रश्न होता काठी लपवायची कुठे. गेल्या वर्षी त्याने मनगट सरळ ठेवायचा पट्टा आणला होता तेव्हाच सेंगाने बजावलं होतं, "घरात गोल्फची आणखी एक वस्तू आली, तर तिच्यासोबत तूही बाहेर झोपशील." शिवाय आयत्या वेळी तिला चकित करायचं होतं. मग वॉटीने ड्रायव्हर भट्टीत, हॅडॉकच्या मागे टांगला. तिथल्या वासाने सेंगाचं डोकं दुखायचं, त्यामुळे ती तिकडे फिरकायची नाही. काठीच्या डोक्याला ओरखडा नको म्हणून त्याने आपला लोकरी मोजाही चढवला.

नियमाचाही विचार केला. पिशवीत काठ्या चौदाच चालतात. पंधरावी निघाली, तर जिंकलेल्यातले दोन होल कापले जातात. (होल म्हणजे एकेक भोक: कमी फटक्यांत चेंडू त्यात घालेल त्या जोडप्याचा तो होल, आणि जास्त होल जिंकेल त्याचा सामना.) त्याची पिशवी आधीच भरलेली. तेव्हा त्याच संध्याकाळी त्याने जुना ड्रायव्हर पिशवीतून काढून कोळशाच्या खोलीत टाकला. (आयुष्यात इतक्या नीटपणे त्याने दुसरं काही केलं नव्हतं. हे पुढे फार महागात पडलं.)

सामन्याच्या सकाळी तो आधी भट्टीत गेला, ड्रायव्हर पिशवीत खुपसला आणि मैदानावर आला. रोना आणि तिचा नवरा निव्हन येऊन उभेच होते. निव्हन बँकेतून निवृत्त झालेला, गोल्फचे नियम तोंडपाठ, आणि ते न विचारता सांगायची आवड.

"काय साडू, नाश्ता खिशात घालून आणलास का?" निव्हनने नाक उडवत विचारलं.

"कसला नाश्ता?"

"हॅडॉकचा वास येतोय."

वॉटी काही बोलणार तोच एक सीगल पिशवीवर उतरला. मग दुसरा. मग गावात सीगल किती आहेत ते सगळ्यांनाच कळलं. त्यातल्या एकाने मोज्याचं टोक धरलं, ओढलं, आणि काळा चकचकीत ड्रायव्हर सेंगासमोर उघडा पडला.

"हे काय आहे?"

"तुला चकित करायचं होतं," वॉटी म्हणाला.

"झाले. आता मार."

वॉटीने पाय रोवले आणि सगळा जीव काठीत ओतून दणका दिला. चेंडू सरळ गेला, आणखी सरळ गेला, मग काहीतरी विसरल्यासारखा उजवीकडे वळला आणि पुळणीवर जाऊन पडला. सेंगा बूट वाळूत बुडवत त्याच्यामागे गेली. पहिला होल रोनाचा.

परत आल्यावर सेंगाने पिशवीच्या तळाशी हात घातला आणि एक आखूड, पिवळट काठी काढून वॉटीच्या हातात ठेवली. हायब्रिड.

"ही कुठून आली?"

"एनियासकडून. तो म्हणाला, तुझ्या नवऱ्याला हीच लागते. मी पावाच्या पैशांतून बाजूला टाकून घेतली. आता तोंड बंद, आणि हळू मार."

वॉटीने हळू मारलं. चेंडू गेला थोडाच, पण समोर गेला. सेंगा किती वर्षांनी हिरवळीवरून फटका मारत होती कुणास ठाऊक. तिने पुढचा असा मारला, की रोनाचं बोलणं अर्ध्यावर थांबलं.

मग दिवसभर तेच. वॉटी जेवढं बिघडवायचा नाही, तेवढं सेंगा जिंकायची. शेवटच्या होलवर तिने चेंडू अलगद भोकात सोडला आणि सामना एका होलने त्यांचा झाला. टोपी काढून तिने ती नुसती छातीशी धरली.

रिवाजाप्रमाणे क्लबाच्या खोलीत रोनाने त्याच किटलीतून चहा ओतला. सेंगाने तोटीवरून बोट फिरवलं आणि किटली आपल्या बाजूला ओढून घेतली.

इथे वॉटी गप्प बसला असता, तर ही गोष्ट इथेच संपली असती.

"नशीब म्हणाल," तो निव्हनला म्हणाला, "पण ही सगळी तयारी आहे! नवा ड्रायव्हर आणला त्याच संध्याकाळी जुना पिशवीतून काढला. नियम म्हणजे नियम. चौदाच्या चौदा!"

"म्हणून एक कमी होती होय!" सेंगा हसत म्हणाली. "हायब्रिड घालताना मी मोजल्या, तर तेराच. म्हटलं, सुटले, जागा झाली. चौदावी मी घातली."

निव्हनने कप खाली ठेवला. अगदी हळू.

"चौदावी हायब्रिड," तो म्हणाला. "मग तो हॅडॉक कितवा?"

बाहेर पिशवीवर सीगल कलकलत होते.

"दोन होल वजा," निव्हन म्हणाला. "मला वाईट वाटतं, पण एकाने जिंकलेला सामना तुम्ही एकाने हरलात."

"त्याने ती काठी एकदाच वापरली!" सेंगा ओरडली.

"नियमात वापरण्याचा प्रश्नच नाही, सेंगा. बाळगायची नाही असं आहे."

सेंगाने वॉटीकडे पाहिलं. "बाळगायची नाही," ती सावकाश म्हणाली. "हे मला लग्नाआधी कुणी सांगायला हवं होतं."

रोनाने किटली परत उचलली. पण जाता जाता सेंगाचा कप तिने काठोकाठ भरला, एवढं मात्र खरं.

पुढच्या सोमवारी सेंगाने परसात कपडे वाळत घातले. दोरी मध्ये झोळ खात होती, म्हणून खाली टेकू दिला नव्या ड्रायव्हरचा. समुद्रावरून सोसाट्याचा वारा, पण काठी काही हलली नाही. एनियास कुंपणापलीकडून चालला होता. तो थांबला आणि कौतुकाने बघत राहिला.

"काठी चांगलीच होती रे," तो परसात उभ्या वॉटीला म्हणाला. "धरणारा मिळाला नाही."

तेवढ्यात वासावर आलेला एक सीगल दोरीवर उतरला, त्याने वॉटीची लांब लोकरी चड्डी चिमट्यासकट चोचीत धरली आणि उडाला. थोडा वेळ सरळ गेला. मग उजवीकडे वळला आणि ती नेमकी पाद्रीबुवांच्या सॅलडच्या वाफ्यात टाकली. पाद्रीबुवा तिथे पाणी घालत होते.

सेंगा कपड्यांची टोपली कमरेवर घेऊन दारात उभी होती.

"जा," ती म्हणाली. "या वेळी पुढचा फटका तुझा."